तीन मिलिमीटर

येमुल शेठनी टॉवेलचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले
आणि वर विचारतात,
"स्क्रीनवर तर स्वच्छ दिसतंय की, मॅडम?"
स्क्रीनवर सगळंच स्वच्छ दिसतं, शेठ.
छपाईला इंचात तीनशे ठिपके लागतात.
यात बहात्तर आहेत.
विरळ विणीचा पंचा तुम्ही
उजेडाकडं धरूनच ओळखता ना, तसं.

मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला अक्कलकोट रोडवरून,
एप्रिलच्या भर दुपारी. घोटभर ताक पिऊन गेला.

मग रंग बदलले.
पडद्यावरचा लाल उजेडाचा असतो,
कागदावरचा शाईचा.
एक बटण दाबलं
आणि शेठचा आवडता लाल पहिल्याच धुण्यात उतरला.
किरमिजी वाढवला, चिमूटभर पिवळा घातला.
बारीक अक्षरांना नुसता काळा.
चार शायांचा काळा दिला आणि एक प्लेट केसभर हलली
तर अक्षरं ताप आल्यासारखी दुहेरी दिसतात.

बाबा चादरीची नक्षी ग्राफवर काढायचे.
एक चौकोन म्हणजे एक तार,
मोराचा डोळा नऊ चौकोनांचा.
एकदा एकच चौकोन चुकला
आणि सहाशे चादरींवरचे मोर
तिरळे होऊन गावोगाव गेले.
त्यातली एक घरात आहे. मीच पांघरते.

काल आई मागे येऊन उभी राहिली, ओल्या हातांनी.
"ही रेघ कसली?"
इथं कापणार.
"मग रेघेबाहेर रंग कशाला?"
पातं कधी इकडं सरकतं, कधी तिकडं.
बाहेर तीन मिलिमीटर रंग सोडला नाही
तर कडेला पांढरी फट राहते.
एकवीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्यात तिनं, डझनावर.
"अंचू सोडायचं, एवढंच ना," म्हणाली
आणि पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं
म्हणून लगबगीनं गेली.

मधल्या पानावर मागाचा फोटो.
अगदी कडेला, रेघेबाहेर, एक हात.
दोन हिरव्या बांगड्या, चिमटीत तुटलेली तार.
शेठना तो दिसलाही नसेल.
तसाच सोडला तर मनगटापाशी कापला जाईल.
फोटो सरकवला तर पलीकडं रंग पुरत नाही.
पुसून टाकणं दीड मिनिटाचं काम.

मी चाळीस मिनिटं
पलीकडची भिंत ठिपक्या-ठिपक्यानं वाढवत बसले,
लाईट गेलेली, यूपीएस बोंबलत होता.
हात आत आला.
बिलात हे कोणत्या नावानं लिहायचं?

शेवटी अक्षरांचे कर्व्ह केले,
नाहीतर प्रेसच्या कॉम्प्युटरवर रफार उडतो,
‘ळ’च्या जागी रिकामा चौकोन बसतो.
आता ती अक्षरं नाहीत, नुसते आकार.
वाचता येतात, दुरुस्त करता येत नाहीत.
(रात्री साडेदहाला शेठचा फोन:
"आमच्या नावातला ‘मु’ दीर्घ पाहिजे होता.")

फायनल. फायनल नवीन. फायनल खरी.

आत दुमडायचं पान एक मिलिमीटर अरुंद ठेवलं.
सारखं ठेवलं तर घडी फुगते,
ब्रोशर मिटत नाही.
हे मला कुणी शिकवलं नाही,
पहिल्या दोन हजार प्रतींनी शिकवलं.

साखर पेठेत मौलाभाई नदाफांनी प्रूफ खिडकीशी नेलं,
भिंगाला डोळा लावला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"हात कुणाचा?"
माहीत नाही.
"बांगडीचा हिरवा बरोबर आलाय," म्हणाले,
आणि मशीनमनला हाक मारली.

दुपारी पातं खाली आलं.
तीन-तीन मिलिमीटरच्या लाल पट्ट्या
फरशीवर पडत राहिल्या,
एका पोरानं त्यांचा गुंडा करून
गठ्ठे बांधायला उशाशी ठेवला.